मास्तरांचे तळवे

मास्तरांनी गाडी शिकवली नाही असं घर त्या वस्तीत शोधूनही सापडलं नसतं. बँकेतला शिपाई, दातांचा डॉक्टर, त्या डॉक्टरची सासू, नवरा गेल्यावर हट्टाने स्टिअरिंग धरलेली पोस्टातली बाई, सगळे त्यांचेच चेले. गाडी छोटी, पांढरी, चारही कोपऱ्यांवर पोचे आलेली. मास्तर बसत त्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच बसवून घेतलेला. शिकणाऱ्याचे हात थरथरायला लागले की मास्तर म्हणत, "तुम्ही नुसतं समोर बघा. थांबवायचं माझ्याकडे लागलं." आणि गाडी थांबायची.

त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरवर उभं राहून त्यांची उमर गेली होती. मास्तर जितके बोलके, तितक्या काकू मोजक्या शब्दांच्या. कोणी विचारलंच तर म्हणत, "आमच्या घरात बोलण्याचं खातं यांच्याकडे आहे." मूलबाळ नव्हतं. मास्तरांचा धाकटा भाऊ टायरचं दुकान चालवायचा. तो रोज संध्याकाळी चहाला यायचा आणि जाताना हटकून काहीतरी विसरून जायचा, म्हणजे पुन्हा यायला निमित्त.

एक दिवस मास्तरांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखणं नाही, खुपणं नाही, नुसतं रक्त. आठवडाभर त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही. मग तपासण्या झाल्या, डाव्या किडनीत गाठ निघाली आणि किडनी काढून टाकली. सर्जन म्हणाले, "एका किडनीवर माणूस खुशाल म्हातारा होतो." मास्तर पुन्हा गाडीत बसले आणि चेल्यांना सांगत सुटले, "वजन कमी झालंय माझं, आता गाडी जास्त पळते."

दोन वर्षं बरी गेली. मग खोकला आला आणि जाईना. स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत गाठी दिसल्या, खुब्याच्या हाडातही एक. ज्या किडनीतून त्या आल्या ती कधीच काढून टाकलेली, पण बी आधीच उधळलेलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिने गाठी गप्प बसल्या, मग पुन्हा वाढू लागल्या. तेव्हा मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं.

"अर्ध्या लोकांना नेहमीची दुसरी गोळी मिळेल," त्या म्हणाल्या, "आणि अर्ध्यांना ती गोळी अधिक ही नवी कॅप्सूल. कोणाला काय, ते संगणक ठरवतो. मी नाही, तुम्ही नाही."

"म्हणजे नशीबच की," मास्तर म्हणाले. "फक्त विजेवर चालणारं."

काकूंनी विचारलं, "याने हे बरे होतील?"

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "बरे होतील असं मी म्हणणार नाही. आजार थोपवून धरता येतो का, किती काळ, आणि त्यासाठी शरीराला काय काय सोसावं लागतं, हे आम्हाला माहीत नाही. माहीत असतं तर चाचणी कशाला घेतली असती?" मग त्या बराच वेळ समजावत राहिल्या. कोणते त्रास होऊ शकतात, त्रास झाला तर काय करायचं, औषध कधी थांबवायचं, कधी कमी करायचं. काकूंना नंतर आठवायचं ते एवढंच, की आपण मान हलवत होतो आणि बाईंच्या खिशातल्या पेनाला टोपण नव्हतं.

धाकट्या भावाला हे मुळीच पटलं नाही. "दादा, तुझा उंदीर करणार ते."

"करू दे. सापळ्यात तर मी आधीच अडकलोय. निदान आतला तुकडा तरी चाखतो."

संगणकाने मास्तरांच्या पदरात नवी कॅप्सूल टाकली. पिवळी, बोटाच्या पेराएवढी. ती घशाखाली उतरवताना मास्तर डोळे मिटून घेत.

चाचणीचे पेशंट बसायचे तो हॉस्पिटलचा मागचा बोळ होता. हिरव्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एकीची पाठ तुटलेली, भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं. तिथली सिस्टर अंगाने काटकुळी, पण आवाज खणखणीत. दर खेपेला तिचे ठरलेले प्रश्न असायचे: जेवण जातं का, जुलाब, तोंड आलंय का, चक्कर, हातापायांची कातडी. मास्तर तिला हसवत हसवत उत्तरं द्यायचे. तिथेच त्यांची एका माणसाशी ओळख झाली. आत आल्यावरही लोकरी टोपी काढत नाहीत म्हणून मास्तरांनी त्यांचं नाव टोपीवाले ठेवलं होतं. टोपीवाल्यांनाही पिवळी कॅप्सूलच मिळाली होती. दोघं शेजारी बसून आपापल्या जिभेची चव कशी गेली याच्या गप्पा मारत, जणू शेतातल्या पिकाबद्दल बोलावं तसं.

पहिल्या स्कॅनच्या वेळी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. फुप्फुसातली सगळ्यात मोठी गाठ जवळजवळ निम्मी झाली होती. घरी जाताना मास्तर दोन थांबे आधीच बसमधून उतरले आणि म्हणाले, "चालत जाऊ." काकूंना वाटलं, हा माणूस आता रडणार. पण ते शीळ घालत होते.

त्याच सुमाराला टोपीवाल्यांना चाचणीतून बाहेर काढलं. ते हिरव्या खुर्चीवर टोपी मांडीत घेऊन बसले होते, डोकं उघडं.

"काढलं मला," ते म्हणाले.

"का पण?" मास्तरांनी विचारलं.

"पोटात दुखतं म्हणून सांगितलं मी. खरं ते सांगितलं. त्यांनी रक्त काढलं, कागद बघितले आणि म्हणाले, थांबवू या."

मास्तर बराच वेळ त्यांचा हात धरून बसले. बाहेर पडल्यावर मात्र काकूंना म्हणाले, "बघितलंस? ज्याने तोंड उघडलं तो गेला."

खरं काय ते दोघांनाही माहीत नव्हतं, आणि विचारावं असं कोणालाच सुचलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढाच धडा मास्तरांनी घेतला.

मग ते पाऊल तिरकं टाकू लागले. आधी काकूंना वाटलं, खुबा दुखत असेल. पण ते घरातही मोजे घालू लागले, एकावर एक दोन. एका सकाळी कपडे धुताना काकूंच्या हाताला मोज्याचा तळ कडक लागला. वाळलेल्या गोंदासारखा. त्यांनी तो पाण्यात भिजवला तर पाणी पिवळट झालं.

त्यांनी नवऱ्याला न्हाणीघरातल्या स्टुलावर बसवलं आणि मोजे ओढले. मास्तर कळवळले. टाचांची कातडी मेणासारखी जाड आणि पिवळी झाली होती. बोटांच्या मुळाशी फोड होते, एक फुटलेला, आत लाल मांस.

"अहो, हे काय?"

"काही नाही. बूट चावला."

"बूट दहा वर्षांचे आहेत. आत्ताच बरे दात फुटले त्यांना!"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी बायकोचं मनगट घट्ट धरलं. "सिस्टरला सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला. गाठी कमी होतायत, अगं. पाय काय, पाय कोणाचेही दुखतात. तू दिवसभर उभी असतेस, तुझे दुखत नाहीत?"

काकूंनी मलम लावलं, फडकं गुंडाळलं. पुढच्या खेपेला मास्तर तो अख्खा बोळ ताठ चालत गेले. कपाळावर घामाचे थेंब होते; सिस्टर म्हणाली, "आज उकडतंय, नाही?" मग तिने यादी वाचली. हातापायांची कातडी?

"काही नाही," मास्तर म्हणाले.

सिस्टरने काकूंकडे बघितलं. "काकू, तुम्हाला काही दिसलं?"

काकूंनी भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे बघितलं. "नाही. काही नाही."

"बूट काढा बघू, एकदा नजर टाकते."

"सिस्टर, माझ्या मोज्यांचा वास घेतलात तर तुम्हालाच इथे ॲडमिट करावं लागेल."

ती खळखळून हसली. बाहेर माणसं खोळंबली होती. तिने लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

मास्तरांनी शिकवणं थांबवलं नव्हतं. काकू म्हणायच्या, जरा बंद ठेवा. ते म्हणायचे, "घरात बसलो तर मी गाठीच मोजत बसेन." त्या दिवसांत त्यांच्याकडे चष्म्याच्या दुकानातली एक तरुण बाई शिकत होती. भित्री, पण जिद्दीची. हात चांगला बसलाय, महिन्याभरात एकटी चालवेल, असं मास्तर सांगत.

एका दुपारी धाकटे भाऊजी धापा टाकत बेकरीत आले. "वहिनी, दादा ठीक आहे. आधी ऐका, दादा ठीक आहे. पण गाडी फुटपाथवर चढली."

बस थांब्याजवळच्या उतारावर त्या बाईने घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला होता. थांब्यावर शाळेचा रखवालदार कामावर जायला उभा होता. गाडीने त्याला खांबाशी दाबलं. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं. पोलीस आले तेव्हा ती बाई स्वतःच रडत रडत सांगत होती, माझंच चुकलं, मीच चुकीचं दाबलं. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं.

काकू घरी पोचल्या तेव्हा मास्तर स्वयंपाकघरात बसले होते, पाय पाण्याच्या टबात. पाणी लालसर झालं होतं.

"तिने चुकीचं पेडल दाबलं," ते म्हणाले. "खरं आहे. पण ते सगळेच दाबतात, गं. दातांच्या डॉक्टरनेही दाबलं होतं. त्याच्यासाठीच तर मी शेजारी बसतो." ते थांबले. "मी पाय टाकला. टाकला बरोबर. तळव्यातून अशी कळ गेली की पाय आपसूक वर आला. माझा पाय, आणि मला न विचारता वर आला. पुन्हा दाबेपर्यंत तो माणूस खांबाला लागला होता."

काकू समोरच्या स्टुलावर बसल्या.

"आता तरी सांगू या," त्या म्हणाल्या.

"स्कॅन जवळ आलाय. तेवढा होऊ दे."

"आणि त्या बाईला?"

मास्तरांनी पाय पाण्यातून काढले आणि पुसायला घेतले.

दोन-तीन दिवसांनी ती बाई बेकरीत आली. गिऱ्हाईक ओसरेपर्यंत बाजूला उभी राहिली. मग काउंटरपाशी येऊन हळूच म्हणाली, "काकू, मास्तर कसे आहेत? त्यांची तब्येत आधीच अशी, आणि त्यात माझ्यामुळे हा ताप. मला तोंड दाखवायचीही लाज वाटत होती. त्यांना म्हणावं, मला माफ करा."

काकूंच्या हातात पावाचा पुडा होता. त्या बाईने काही मागितलं नव्हतं, तरी त्यांनी तो तिच्या हातात दिला. "सांगते त्यांना," एवढंच तोंडातून आलं. ती गेल्यावर त्यांनी मालकाला सांगितलं की मला जरा चक्कर येतेय, आणि मागे पिठाच्या पोत्यांवर जाऊन बसल्या. शपथ नवऱ्याची होती. तरी ही आपण मोडणार, हे त्यांना त्या पोत्यांवर बसूनच कळलं.

पुढच्या खेपेला सिस्टरने यादी उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "सिस्टर, यांचे बूट काढा."

"अगं!" मास्तर ओरडले. बोळातली माणसं वळून बघायला लागली.

"काढा. मी सांगते म्हणून काढा."

सिस्टर खाली बसली. मोजा कातडीला चिकटला होता. तिने सलाईनचं पाणी टाकून तो सोडवला. उजव्या तळव्यात पू झाला होता आणि सूज घोट्यापर्यंत चढली होती. ती उठली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

मास्तर खिडकीकडे बघत होते. काकू म्हणाल्या, "गेल्या खेपेच्याही आधीपासून. मला माहीत होतं."

"आणि मला सांगितलं नाहीत, का?"

"सांगितलं असतं तर काढलं असतंत," मास्तर म्हणाले. "टोपीवाल्यांना काढलंत तसं."

"दुसऱ्या पेशंटबद्दल मी बोलणार नाही. पण तक्रार केली म्हणून आम्ही कोणाला काढत नाही. तळव्यांना त्रास झाला की काही दिवस औषध थांबवायचं, बरं वाटलं की कमी डोसवर पुन्हा सुरू करायचं. हे मी पहिल्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण पेन हातात घट्ट धरलेलं होतं. "तेव्हाच सांगितलं असतंत तर आठवडाभरात निभावलं असतं. आता पायात विष भिनलंय. ते जाईपर्यंत कॅप्सूलही नाही आणि गोळीही नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला.

"आणखी एक. तुमच्या मागून बरीच माणसं या चाचणीत आली आहेत. त्यांना कोणता डोस द्यायचा, हे आधीच्या लोकांना काय झालं त्यावरून ठरतं. पायांचा त्रास फारसा दिसत नाही, असं आमच्या नोंदींत जमलेलं आहे. तुमच्या एकट्यामुळे नाही. पण त्यात तुमचंही उत्तर आहे, मास्तर."

हे ऐकून मास्तर पहिल्यांदा बायकोकडे वळले. त्यांच्या नजरेत राग होता की भीती, ते काकूंना ओळखता आलं नाही.

घरी परतताना बसमध्ये ते दुसऱ्या बाकावर बसले. मग अबोला धरला. धाकटे भाऊजी चहाला आले की मास्तर म्हणत, "तुझ्या वहिनीला विचार, पाणी तापलंय का." काकू दोन हातांच्या अंतरावर उभ्या असत. भाऊजी बिचारे एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत म्हणायचे, "वहिनी, पाणी तापलंय का?" आणि मग, "दादा, तापलंय." एकदा त्यांना हसू फुटलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं.

तळव्यांची कातडी सालपटांसारखी निघाली, सूज उतरली. मास्तर भिंत धरून चालू लागले. ज्या दिवशी भिंत सोडली, त्या दिवशी त्यांनी स्वतःहून अबोला मोडला. "चल. चष्म्याच्या दुकानात जायचंय."

दुकानात आरसेच आरसे होते. जिकडे बघावं तिकडे मास्तरच दिसत होते, गालफडं बसलेले, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. ती बाई त्यांना बघून लगबगीने पुढे आली, खुर्ची दिली. मास्तरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. पायाचं, औषधाचं, ब्रेकचं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला तो आवाज रोज ऐकू येतो. त्या माणसाचा. मी रस्ता ओलांडतानाही थांबते, वाटतं माझ्या हातून अजून काहीतरी होईल. आणि तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं?"

"हो."

ती काकूंकडे वळली. "मी बेकरीत आले तेव्हा, काकू? तुम्हालाही?"

"हो."

"मी माफी मागायला आले होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही ती घेतलीत." दारात गिऱ्हाईक आलं होतं. ती त्याच्याकडे गेली आणि फ्रेम दाखवू लागली. पुन्हा मागे वळून बघितलं नाही.

तिथून ते रखवालदाराच्या खोलीवर गेले. एकच खोली, पलंगाखाली भांडी, पलंगावर तो, पाय उशांवर उंच ठेवलेला. मास्तर बोलत असताना त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. सगळं झाल्यावर रखवालदार म्हणाला, "मग आता मी काय करू?"

मास्तरांनी भिंतीचा आधार घेतला.

"तुम्हाला आजार कसला?" त्याने विचारलं.

मास्तरांनी सांगितलं.

रखवालदार वर छताकडे बघत राहिला. "म्हणजे तुमच्यावर धड रागावायचीही सोय नाही," तो म्हणाला. "बरं, आता जा तुम्ही. मला लघवीला जायचंय, आणि ते आता दोघांचं काम झालंय."

मास्तर पोलिसांकडेही जाऊन आले. शिकवायचा परवाना त्यांनी आपण होऊन परत केला. गाडी भाऊजींनी नेली.

कमी डोसवर कॅप्सूल पुन्हा सुरू झाली. आता मास्तर सिस्टरपुढे बसले की यादी वाचायच्या आधीच बूट-मोजे काढून ठेवत. पण पुढच्या स्कॅनला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या नाहीत, त्यांनी आत बोलावलं. फुप्फुसातल्या गाठी वाढल्या होत्या आणि लिव्हरमध्ये नव्या आल्या होत्या. चाचणीचा नियम होता: औषधाला न जुमानता आजार वाढला तर औषध बंद.

मास्तर बाहेर गेल्यावर काकू मागे थांबल्या. "मधे औषध थांबलं म्हणून झालं का हे?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "थांबलं नसतं तरी वाढलं असतं, असंही होऊ शकतं. बहुतेकांमध्ये शेवटी वाढतंच. पण तुमच्या बाबतीत नक्की काय, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

काकूंना वाटलं, खोटं का होईना, नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मग वाटलं, खोटं पुरे झालं आता.

त्यानंतरचे महिने घरात गेले. खुबा असा दुखायचा की पलंगाला कोणाचा धक्का लागला तरी मास्तर दात-ओठ खात. अंगावरचं मांस गेलं, आवाज घोगरा झाला, बोलण्याचं खातं हळूहळू काकूंकडे आलं. एकदा त्यांचं अंग पुसत असताना मास्तर म्हणाले, "तू बोलली नसतीस तर..."

"मी आधी बोलले असते तर..." काकू म्हणाल्या.

काकूंनी ओलं फडकं पिळलं आणि दुसरा हात पुसायला घेतला. तो विषय पुन्हा निघाला नाही, मिटलाही नाही. मास्तरांनी त्यांना माफ केलं की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आपण मास्तरांना माफ केलं का, तेही.

औषध बंद झालं तरी सिस्टरचा अधूनमधून फोन यायचा. चाचणीतून बाहेर पडलेल्यांचं पुढे काय झालं, तेही त्यांना हवं असायचं. मास्तर त्या फोनची वाट बघत. काकू फोन त्यांच्या कानाशी धरायच्या आणि ते त्या फुटक्या आवाजात सांगायचे, "लिहा, सिस्टर. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. रात्री घाम येतो, उशी बदलावी लागते. जेवण म्हणाल तर चार चमचे. पाचवा घेतला होता, पण तो परत आला, तेव्हा चारच लिहा." पलीकडून सिस्टरचं हसणं ऐकू यायचं, आता खणखणीत नाही, सांभाळून केलेलं. फोन संपला की मास्तर दमून डोळे मिटत.

पुढचा फोन आला तेव्हा मास्तर नव्हते.

"काकू," सिस्टर म्हणाली आणि थांबली. "मी नंतर करते. आज राहू द्या."

"नको. विचार बाळा, काय विचारायचं ते. मी सांगते."

आणि काकूंनी सांगितलं. शेवटच्या आठवड्यात भान कसं येत-जात होतं. दुखण्याचं औषध किती लागत होतं. शेवटच्या दिवशी श्वास कसा घरघरत होता, दुपारनंतर कसा लांब लांब होत गेला. भाऊजी पाय धरून बसले होते आणि आपण उशाशी. त्यांनी कोणाला ओळखलं का? सकाळी ओळखलं होतं, नंतर नाही. सिस्टर मधेच नाक ओढत होती. काकूंचा आवाज काही हलला नाही. पावाचा हिशेब सांगावा तशा त्या सांगत गेल्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "ते औषध लागू पडलं का, कळेल कधी?"

"अजून वेळ आहे, काकू. सगळ्यांचं गोळा व्हायचंय."

"कळलं की मला सांग. मला समजेल असं सांग."

सिस्टरने शब्द पाळला, पण तोवर वर्ष उलटून गेलं होतं. फोन बेकरीत आला, सकाळच्या गर्दीत. काकूंनी गिऱ्हाइकाला हाताने थांबायची खूण केली. सिस्टर सांगत होती: दोन्ही औषधं मिळून आजार थोडा जास्त काळ थोपवतात, काही महिने. माणसं त्यामुळे जास्त जगतात का, ते अजून ठरत नाही. आणि त्रास फार, विशेषतः तळव्यांचा. म्हणून पुढच्या लोकांना सुरुवातच कमी डोसने करणार आहेत.

"काही महिने," काकू म्हणाल्या.

"हो."

"आणि डोस कमी."

"हो, काकू."

"बरं झालं. फोन केलास, बरं केलंस."

समोरच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "कोणी आजारी आहे का घरी?"

"नाही," काकू म्हणाल्या. "आता कोणी नाही." आणि गिऱ्हाइकाला कोणता पाव हवाय ते विचारलं.